स्वतःचं विमान की दुसऱ्याची नोकरी?

भाचा अमेरिकेत, कमर्शियल लायसन्स (पैसे घेऊन विमान उडवण्याचा परवाना) आहे, उड्डाण जेमतेम ३०० तास. म्हणतो, "मामा, जुनं सेसना २०६, छोटं एका इंजिनाचं विमान, घेतो, पार्सलं वाहतो."

अडतं तासांवर. भाड्याने माल न्यायला तिथे 'पार्ट १३५' हा विमान वाहतुकीचा नियम लागू होतो: स्वच्छ हवेत, नजरेने उडवताना कॅप्टन व्हायला ५०० तास, ढगांतून उपकरणांवर १,२००. म्हणजे स्वतःच्याच विमानावर पगारी पायलट ठेवा! को-पायलटच्या नोकरीला कमर्शियल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगवर (उपकरणांवर उडवण्याची परवानगी) दार उघडू शकतं.

खर्च? विमान उभं असलं तरी विमा, हँगर चालूच. नोकरीत ते मालकाचं दुखणं.

मेहनत सारखीच, खोकी चढवा, जाळी आवळा, पहाटे पंखांवरचं गोठलेलं दव काढा.

ठरलेलं गिऱ्हाईक आणि अनुभवी भागीदार असेल, तर विमान घ्यावं. भाच्याने आधी नोकरीच धरावी.