दादरचं चार रविवारचं फिजिक्स वर्कशॉप, अकरावी-बारावीवाल्यांसाठी

मुलगी बारावीला, सीईटीचे क्लास चालू, त्यात रविवार घालवायचे का यावर घरात बरीच वादावादी झाली, पण पाठवलं ते फार बरं केलं. पहिल्याच दिवशी सरांनी लाइट घालवले, डोक्याचा एक केस लेझर पॉइंटरसमोर धरला आणि भिंतीवर एका ठिपक्याऐवजी उजेड-अंधाराच्या पट्ट्या उमटल्या. मग म्हणाले, फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकेक करून सोडले तरी हळूहळू ह्याच पट्ट्या तयार होतात, मग तो एकटा फोटॉन केसाच्या कुठल्या बाजूने गेला? उत्तर लगेच दिलंच नाही, अर्धा तास पोरांना भांडू दिलं, मला हेच सगळ्यात आवडलं.

आपल्या ओळखीचं मॅटर विश्वात जेमतेम 5 टक्के, डार्क मॅटर साधारण 27, बाकी सगळी डार्क एनर्जी आणि ही दोन्ही नक्की काय आहेत ते अजून कोणालाच माहीत नाही, हे ऐकून पोरगी दादर ते मुलुंड ट्रेनमध्ये विचारात गढलेली. 2015 ला लायगोने, म्हणजे गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या अमेरिकेतल्या डिटेक्टरने, 4 किलोमीटरच्या नळीच्या लांबीत प्रोटॉनपेक्षाही बारीक फरक पकडला आणि तसाच डिटेक्टर आपल्या हिंगोलीत उभा राहणार आहे म्हटल्यावर तर सगळीच सरसावून बसली म्हणे.

रिलेटिव्हिटी मात्र एका तासात उरकली, ते पटलं नाही, त्या विषयाला दोन रविवार हवेत. शिवाय हॉल लांबट आहे, मागे ऐकू येत नाही, पुढची जागा मिळेल असं लवकर पोचा.