चप्पल लाईनीतली बिनपाटीची फळी

कोल्हापूरकर असूनही चप्पल लाईनीत, म्हणजे इथल्या चपलांच्या बाजारात, मी फक्त पाहुणे आले की जातो. या वेळी काम माझंच होतं. दोन वर्षं वापरलेल्या कोल्हापुरीचा अंगठा उसवला होता. घराजवळच्या एकानं सरळ खिळा ठोकून दिला, तो दुसऱ्याच दिवशी बोटात घुसला.

दोन झगमगीत दुकानांच्या मधे एक फळी आहे, पाटीबिटी काही नाही. तिथल्या मामांनी खिळा बघितला आणि मग माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच ठोकलाय. "कोल्हापुरीला खिळा मारत्यात व्हय?" पक्कडीनं तो उपसला. चामड्याची बारीक वादी भिजवली, आरीनं भोकं पाडली आणि वादीनंच टाके घातले. रात्रभर वाळू दे, तोवर पायात घालू नको, ही ताकीद वेगळी.

तळ कर्नाटकातल्या अथणीचा आहे, हेही नुसतं बोटानं दाबून सांगितलं. कोल्हापुरीला जीआय मानांकन, म्हणजे ती मूळची कुठली याची सरकारी ओळख, 2019 साली मिळालं, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातलेही चार आहेत. आपण मात्र "आमचीच" म्हणून भांडतो!

साठ रुपये घेतले. सुट्टे न्या, मामांकडं स्कॅनर नाही. बसायला जागा नाही, गाडी लांब लावावी लागते आणि दुपारी ते जेवायला गेले की कधी येतील याचा नेम नाही. मी पाऊण तास उभा होतो. पुढच्या महिन्यात बायकोची जोडी घेऊन जाणार आहे, सकाळीच.