दोन फुटी टाकी आणि शेवाळ: टायमर, स्पंज फिल्टर व नेराइट गोगलगायी यांच्या दीर्घ वापरानंतरचा अनुभव

माशांच्या टाकीत शेवाळ झाले आहे असे दुकानात सांगितले की बहुतेक वेळा आधी औषधाची बाटली पुढे केली जाते आणि त्यानंतर शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा सकर मासा. गेल्या पावसाळ्यापासून मुलुंडच्या आमच्या घरातील टाकी मी या दोन्हींशिवाय सांभाळत आहे, आणि इतक्या महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की शेवाळाच्या बाबतीत सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे दिव्याला लावलेला साधा टायमर होय. टाकी 60 बाय 30 बाय 30 सेंटिमीटरची, म्हणजे काठोकाठ भरल्यास 54 लिटरची आहे. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता साधारण 45 लिटर पाणी राहते. हार्लेक्विन रासबोरांचा एक थवा आणि हनी गौरामीची एक जोडी, एवढीच माशांची वस्ती आहे.

टायमर लोहार चाळ या मुंबईतील विजेच्या सामानाच्या बाजारातून आणला. त्याच्या गोल तबकडीवर 96 खटके असून प्रत्येक खटका पंधरा मिनिटांचा आहे. जितके खटके खाली दाबावेत तितका वेळ दिवा चालू राहतो. दिवा हाताने लावण्या-मालवण्यावर ठेवला, तर मुंबईच्या घरात तो सकाळी डबे भरताना लागतो आणि रात्री शेवटचा माणूस झोपेपर्यंत जळत राहतो. वनस्पतींना इतक्या प्रकाशाचा उपयोग नसतो, कारण लहान टाकीतील पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्याआधीच अपुरा पडतो आणि त्यांची वाढ तेथेच अडते. थोडक्यावर भागवणाऱ्या शेवाळाला मात्र उरलेला सगळा उजेड मिळतो. मी सुरुवातीला सहा तास ठेवले आणि हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती चांगल्या रुजल्यावर ते आठ तास केले. दुपारी दोन ते रात्री दहा ही वेळ मुद्दाम निवडली, कारण घरातील सगळी माणसे संध्याकाळीच टाकीसमोर असतात. या यांत्रिक टायमरचा एक दोष सांगितला पाहिजे: वीज गेली की तबकडी जागीच थांबते आणि नंतर तेवढा वेळ मागे राहूनच चालते, त्यामुळे वीज परत आल्यावर तबकडी घड्याळाशी जुळवून घ्यावी लागते. रात्रीच्या शांततेत त्याची बारीक घरघरही ऐकू येते.

पहिल्या काही आठवड्यांत काचेवर आणि पानांवर जो तपकिरी, बोटाने सहज पुसला जाणारा थर येतो, तो डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो. नव्या टाकीत तो जवळजवळ ठरलेलाच असतो आणि टाकी स्थिरावली की बहुधा आपोआप ओसरतो; त्यासाठी पैसे खर्च करू नयेत. आमच्या टाकीला खरा त्रास दिला तो हिवाळ्यातील उन्हाने. पावसाळ्यात जी जागा अगदी सुरक्षित वाटते, तिथे डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे खाली उतरल्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीच्या आतपर्यंत पोहोचते. टाकीच्या त्या बाजूच्या काचेवर हिरवी भुकटी दिसू लागली, दुसरी बाजू मात्र स्वच्छ होती. बाहेरून काळा कार्डपेपर चिकटवल्यावर नवी वाढ थांबली. मे महिन्यात पाणी 31 अंशांच्या घरात जाते तेव्हा प्रश्न वेगळा असतो: 25 अंशांना एका लिटरमध्ये जास्तीत जास्त 8.3 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळू शकतो, तर 30 अंशांना तो साधारण 7.5 मिलिग्रॅमवर येतो. म्हणून त्या दिवसांत खाणे कमी करतो आणि हवेचा पंप दिवसरात्र चालू ठेवतो.

गाळणीसाठी साधा, पंपावर चालणारा स्पंज फिल्टर आहे. तो दिसायला देखणा नाही आणि बुडबुड्यांचा आवाज करतो, पण माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू त्याच्या छिद्रांत वस्ती करतात, आणि लहान टाकीचे आरोग्य त्यांच्यावरच अवलंबून असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना मारतो, म्हणून हा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. पाणी बदलताना काढलेल्या टाकीच्याच पाण्यात तो दोन-तीनदा पिळला की पुरे. मी दर आठवड्याला सायफनच्या नळीने वाळूतील गाळ ओढत दहा लिटर पाणी काढतो. भरायचे पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून त्यात हवेचा दगड (पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड) सोडून ठेवतो, म्हणजे त्यातील मोकळा क्लोरीन निघून जातो. घाई असेल तेव्हा सोडियम थायोसल्फेटचे थेंब वापरतो. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा अशा पावसावर भरणाऱ्या तलावांचे पाणी मिळते आणि ते बऱ्यापैकी मृदू असते. त्यामुळे काचेवर क्षारांची पांढरी रेघ कमी उमटते आणि आमच्या माशांनाही ते मानवते.

नेराइट गोगलगायी क्रॉफर्ड मार्केटमधून आणल्या आणि त्यांच्याविषयी मी पूर्ण समाधानी आहे. काचेवर घट्ट बसणारे हिरवे ठिपके, जे चुंबकाच्या घासणीलाही दाद देत नाहीत, ते या गोगलगायी हळूहळू खरवडून काढतात. त्या दगडांवर पांढरी, कडक अंडी चिकटवतात आणि ती निघता निघत नाहीत, हे मान्य करून घ्यावे लागते; परंतु त्यांच्या पिल्लांना मचूळ पाणी लागत असल्याने गोड्या पाण्यात त्यांची पैदास होत नाही. टाकीवर झाकण मात्र हवे, कारण त्या काठावरून बाहेर येतात. तांबे असलेले कोणतेही औषध त्यांना मारक ठरते, हे माशांवर उपचार करताना विसरू नये.

सकर माशाविषयी मला कळकळीने सांगावेसे वाटते. बोटाएवढा म्हणून घरी आणलेला हा मासा एक फुटाच्या पुढे वाढतो, भरपूर विष्ठा करतो आणि त्यामुळे शेवाळाचे खाद्यच वाढवतो. मग टाकीत मावेना झाला की लोक तो तलावात सोडतात. भारतातील अनेक नद्या-तलावांत हा दक्षिण अमेरिकेतील मासा अशाच वाटेने पोहोचला असून स्थानिक माशांना आणि मच्छीमारांच्या जाळ्यांना त्याचा उपद्रव होतो. दोन फुटी टाकीसाठी तो विकलाच जाऊ नये.

औषधांची गरज मला एकदाही पडली नाही. वाळूवर निळसर-हिरवा, बुळबुळीत, कुबट वासाचा पापुद्रा एकदा आला होता. ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर वाढणारे जिवाणू, असतात. पापुद्रा सायफनने ओढून काढला, टाकी तीन दिवस चादरीने पूर्ण झाकून ठेवली आणि त्या कोपऱ्यात पाणी खेळते राहावे म्हणून फिल्टर सरकवला. त्यानंतर तो परत आलेला नाही. सध्या टाकीच्या मागच्या काठावर मनी प्लांटच्या फांद्या मुळे पाण्यात आणि पाने बाहेर अशा अडकवल्या आहेत. ही मुळे शेवाळाचे खाद्य असलेले नायट्रेट शोषून घेतात, आणि पाने हवेत असल्यामुळे त्यांना कार्बन डायऑक्साइडची वाण पडत नाही. चाचणीच्या थेंबांवर नायट्रेट पूर्वी पाणी बदलण्याच्या आदल्या दिवशी लिटरमागे 20 ते 40 मिलिग्रॅमच्या दरम्यान दिसत असे. आता तो रंग 10 च्या खुणेपुढे सहसा जात नाही.