जनुकपेढीतून मागवलेले ४० गहू: बियाणं अव्वल, दाखला अर्धवट

गव्हावरच्या पिवळ्या तांबेऱ्यावर मी काम करते. म्हणजे रोपांना मुद्दाम आजारी पाडायचं आणि कोण आजारी पडत नाही ते बघत बसायचं. माझ्याकडच्या सुधारित जाती एकमेकींच्या इतक्या जवळच्या नात्यातल्या, की एकीवर तांबेरा चढला की बाकीच्याही माना टाकतात. म्हणून जुने स्थानिक वाण हवे होते. पिकांच्या वाणांचं बी जपून ठेवणाऱ्या एका मोठ्या जनुकपेढीतून ४० नमुने मागवले. पेढीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

मागणी नोंदवायला अर्धा तास लागला, त्यातला बराचसा करार वाचण्यात. एसएमटीए नावाचा हा प्रमाणित करार. अन्न व शेतीसाठीच्या वनस्पती जनुकीय संसाधनांचा जो आंतरराष्ट्रीय करार २००४ साली लागू झाला, त्याखालचा. मजकूर सगळ्यांना एकच, त्यामुळे घासाघीस नाही, वकील नाहीत. सही करा, क्लिक करा, किंवा नुसतं पाकीट उघडून बी वापरा. तिन्ही प्रकारे करार मान्य धरता येतो. अट अशी की मिळालेलं बियाणं आहे तसं कुणाला आपल्या मालकीचं करून घेता येत नाही. त्यातून जात काढून विकली आणि पुढच्या पैदासकारांना ती वापरायला आडकाठी केली, तर विक्रीच्या ०.७७ टक्के रक्कम सामाईक निधीत भरायची. मला हे रास्त वाटलं. पलीकडच्या टेबलावरचा माझा सहकारी मात्र कुढत होता. त्याचं पीक सोयाबीन, आणि कराराच्या ६४ पिकांच्या यादीत सोयाबीन नाही. त्याच्या परवानग्या अजून फिरतायत.

पार्सल नऊ आठवड्यांनी आलं. उशीर पेढीचा नव्हता, बहुतेक वेळ क्वारंटाइनमध्ये गेला. ॲल्युमिनियमची सीलबंद पाकिटं, प्रत्येकावर क्रमांक, प्रत्येकात ५० दाणे. पहिल्यांदा मागवणारे इथेच चिडतात: एवढेसे? पण पेढी हे काही बियाण्याचं दुकान नाही. सुकवून उणे १८ अंशांवर ठेवलेला साठा मर्यादित असतो, आणि तो संपला की वाण पुन्हा शेतात लावून बी धरावं लागतं. दर लावणीत थोडी भेसळ, थोडी गळती होण्याचा धोका. तेव्हा ५० दाणे घ्या आणि एक हंगाम स्वतः वाढवा. मी तेच केलं. ३८ पाकिटांची उगवण ९० टक्क्यांच्या वर, एकातून चारच कोंब आले, एक पूर्ण मेलं. कळवल्यावर दोन्ही पाकिटं पुन्हा पाठवली, कुरकुर न करता.

एका पाकिटातून कुसळवाल्या आणि बिनकुसळाच्या, दोन्ही ओंब्या निघाल्या. माझी विद्यार्थिनी म्हणाली, ‘मॅडम, भेसळ आहे, परत करू या.’ अगं, स्थानिक वाण असाच असतो! शेतात तो कधी एकसारखा नव्हताच. कुणीतरी साफसूफ करून एकच ओंबी ठेवली असती तर मी चिडले असते.

आता तक्रार. बियाण्याबरोबर जी पासपोर्ट माहिती येते, म्हणजे वाण कुठून, कधी, कुणी गोळा केला, ती १७ नमुन्यांत फक्त देशाच्या नावापुरती होती. दोन नमुन्यांचे अक्षांश-रेखांश नकाशावर टाकले तर गहू भर समुद्रात. पत्र लिहिलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं: दोन आकडे उलटसुलट पडले होते, संग्राहकाची जुनी वही काढून दुरुस्त केलेत. वही काढणाऱ्याला माझा नमस्कार. पण उरलेल्या १७ ची वहीच नाही.

यात एवढं काय, असं वाटेल. पेढीत गव्हाचे हजारो नमुने; सगळे तपासायला माझी हयात पुरणार नाही. म्हणून वाण जिथून गोळा केला, त्या जागेचं हवामान आम्ही बघतो: जिथे थंडी आणि दव जास्त, तिथे तांबेरा पिढ्यान्‌पिढ्या गव्हाला छळत आलेला असणार, आणि तग धरलेले वाणही तिथेच सापडण्याची शक्यता जास्त. फिग्ज म्हणतात या पद्धतीला. जागाच माहीत नसेल तर ती लंगडी पडते. माझ्या चाचणीत सहा वाण टिकले. ० ते ९ च्या मापावर (० म्हणजे रोगच नाही) दोनच्या आत. त्यातला सगळ्यात कणखर नेमका त्या १७ मधला. त्याची भावंडं कुठल्या डोंगरात शोधू?

अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हार्लन यांनी १९४८ साली तुर्कस्तानातून एक गहू आणला होता. उंच, बारीक काडीचा, लोळणारा, पावाला निकामी. पंधराएक वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग अमेरिकेच्या वायव्य भागात पिवळा तांबेरा बळावला आणि हाच गहू, अमेरिकी संग्रहातला क्रमांक पीआय १७८३८३, कामाला आला. काणी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाच्याही कितीतरी प्रकारांना तो पुरून उरला. तो कुठून आला हे निदान लिहिलेलं होतं.

बियाण्याला पाच तारे, माणसांना चार, माहितीला दोन. मी पुन्हा मागवणार आहे, पण यादी करताना आधी जागेचा रकाना बघून.

करारात आणखी एक कलम आहे: संशोधनातून जे कळेल, त्यातलं गोपनीय नसलेलं सगळ्यांसाठी खुलं करायचं. मी ४० ही वाणांचे तांबेऱ्याचे आकडे पाठवले, त्याला पाच महिने झाले. काल पाहिलं, संकेतस्थळावर त्यांच्या नावापुढे ‘रोग’ हा रकाना कोराच आहे.