गुगल वनचा २०० जीबीचा प्लॅन १०० वर आणला: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या सुमारास मोबाइलवर सूचना आली, गुगलच्या खात्यातली जागा संपत आली आहे. घरात एकाच गुगल वन प्लॅनवर, म्हणजे गुगलकडून विकत घेतलेल्या जास्तीच्या ऑनलाइन जागेवर, आम्ही तिघं: मी, नवरा आणि अण्णा, म्हणजे माझे सासरे. २०० जीबीचे महिना २१० रुपये जात होते आणि त्यातले १८४ जीबी भरले होते. पुढची पायरी थेट २ टीबी, महिना ६५० रुपये. नवरा म्हणाला, "घेऊन टाकू, डोक्याला ताप नको." मी म्हटलं, माळा भरला म्हणून कुणी दुसरं घर घेतं का?

आवरायला बसले आणि पहिले दोन रविवार पाण्यात गेले. मी जुन्यापासून सुरुवात केली. २०१८ चं बारसं, गणपती, कुणाच्या तरी वास्तुशांतीची पंगत. हजारभर फोटो उडवले, पण भरलेली जागा दाखवणारी पट्टी जागची हलेना. मग कळलं की १ जून २०२१ च्या आधी 'हाय क्वालिटी'त, म्हणजे आकार थोडा कमी करून, चढवलेले फोटो जागेत धरलेच जात नाहीत. जे फुकट राहत होते त्यांनाच मी घराबाहेर काढत होते! वर गुगल फोटोजमधून काढलेला फोटो मोबाइलमधूनही जातो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. चूक सर्वस्वी माझी. बॅकअप झालेले फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतात, म्हणून बारसं परत मिळालं. नुसता मोबाइल रिकामा करायचा असेल तर 'फ्री अप स्पेस' वापरा, त्यात क्लाउडवरची प्रत तशीच राहते.

खरी जागा खात होते व्हिडिओ. लेकाच्या शाळेचं गॅदरिंग नवऱ्याने फोरके या वरच्या दर्जात घेतलेलं. फोरकेचा एक मिनिट पावणेदोनशे ते चारशे एमबी खातो, आणि इथे चाळीस मिनिटं, त्यातला निम्मा वेळ पुढच्या बाईंचा अंबाडा दिसतोय. त्यात बॅकअप 'ओरिजिनल क्वालिटी'वर, म्हणजे आकार जराही कमी न करता. यावरचा उपाय मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला: कॉम्प्युटरवर गुगल फोटोजच्या सेटिंगमध्ये 'रिकव्हर स्टोरेज' आहे. त्याने मोठे फोटो १६ मेगापिक्सेलवर आणि व्हिडिओ १०८०पी या फोरकेहून कमी दर्जावर येतात. काहीही डिलीट न करता एवढी जागा सुटली की मी दोनदा तपासलं. पण हे उलटं फिरवता येत नाही. म्हणून आधी टेकआउटने (गुगलमधला आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) मूळ प्रती उतरवून लग्नाच्या व्हिडिओवाल्या जुन्या हार्ड डिस्कवर ठेवल्या. एकाच डिस्कवर विसंबायला धीर होईना, तेव्हा दुसरी प्रत भावाकडे दिली.

दुसरा मोठा खादाड म्हणजे व्हॉट्सअॅपचा बॅकअप. अँड्रॉइडवर तो २०२४ पासून आपल्याच गुगलच्या जागेत मोजला जातो. अण्णांचा एकट्याचा २१ जीबी होता! कीर्तनं, आयुर्वेदिक काढे, शुभ सकाळ. स्टोरेज अँड डेटामध्ये 'मॅनेज स्टोरेज' उघडलं की पाच एमबीहून मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या दिसतात. अण्णांना शेजारी बसवून एकेक विचारत साफ केलं. त्यांचे एक मित्र मागच्या वर्षी वारले. त्यांनी रोज पाठवलेल्या गुलाबांना हात लावायचा नाही, असं अण्णांनी बजावलं. नाही लावला, तसेही ते काही केबींचेच होते. बॅकअपमध्ये व्हिडिओ घेण्याचं बटण बंद केलं आणि २१ चे ४ जीबी झाले. मात्र पुढचा बॅकअप होईपर्यंत आकडा बदलत नाही, त्यामुळे लगेच पाहून हिरमुसू नका.

जीमेलमधून फार काही निघालं नाही. शोधपट्टीत इंग्रजीत 'लार्जर', पुढे विसर्गासारखी दोन टिंबं आणि लगेच '१०एम' असं जोडून टाकलं की दहा एमबीवरच्या मेल समोर येतात. ट्रॅश रिकामा करायला विसरू नका, नाहीतर महिनाभर जागा अडलेलीच. ड्राइव्हवर तर एक संध्याकाळ अशीच फुकट गेली. दुसऱ्यांनी शेअर केलेल्या फाइली काढत बसले होते, आणि त्या मालकाच्या खात्यात मोजल्या जातात.

पैशांचं म्हणाल तर महिना २१० चे १३० झाले, म्हणजे वाचले ऐंशी रुपये. तेवढ्यासाठी चार-पाच रविवार घालवले असतील तर बाई वेडी आहे, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण नवऱ्याचं ऐकलं असतं तर महिना ६५० गेले असते, त्या हिशेबाने ५२०. नवरा पहिला आकडा सांगतो, मी दुसरा. फुकटच्या १५ जीबीवर मात्र उतरले नाही. मर्यादेबाहेर गेलं की मेल येणं-जाणंच थांबतं, आणि माझ्या बँकेचे, लेकाच्या शाळेचे सगळे निरोप तिथेच येतात.

सध्या आम्ही ७१ जीबीवर आहोत. डिसेंबरात पुन्हा गॅदरिंग आहे. नवऱ्याच्या मोबाइलचा कॅमेरा मी आत्ताच १०८०पीवर आणून ठेवलाय, त्याला अजून पत्ता नाही.