कन्याकुमारीची चॅरिटी राइड: देशावरून जायचं की किनाऱ्याने?

एखाद्या संस्थेसाठी निधी गोळा करत पुण्याहून बाइकवर कन्याकुमारी गाठायची, एवढं ठरलं की ग्रुपमध्ये पहिली वादावादी रस्त्यावरूनच होते. अर्धे म्हणतात, देशावरून, म्हणजे घाटावरून आतल्या बाजूने: सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत बंगळूर आणि पुढे सेलम, मदुराई, तिरुनेलवेली. उरलेल्यांना समुद्र हवा असतो: आंबोली उतरून सावंतवाडी, मग गोवा, कारवार, उडुपी, मंगळूर, कोझिकोड, कोची, तिरुवनंतपुरम.

गंमत म्हणजे किलोमीटर दोन्हीकडे जवळपास सारखेच, एका बाजूने साधारण दीड हजार. पेट्रोलचा खर्चही त्यामुळे सारखाच. फरक दिवसांचा आहे. १५० ते ३५० सीसीची गाडी आणि अंधाराच्या आत मुक्कामाला पोचायचं, हा नियम पाळला तर देशावरून दिवसाला ३५०-४०० किलोमीटर आरामात होतात. किनाऱ्याने २२०-२५० झाले तरी भरपूर. म्हणजे इकडून चार दिवस, तिकडून सहा-सात. परतीचा प्रवास धरला की एकाची रजा आठवड्याभरात भागते आणि दुसऱ्याला साहेबाच्या केबिनबाहेर ताटकळावं लागतं.

देशावरचा रस्ता, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि बंगळूरनंतर ४४, बहुतेक सगळीकडे दुभाजकासह चौपदरी किंवा सहापदरी आहे. पुणे ते कागल पट्ट्यात रुंदीकरणाची कामं आणि वळवलेले रस्ते भेटतात. तेवढा भाग पहाटे काढावा. पुढे खरा शत्रू कंटाळा. चित्रदुर्गच्या आसपास सरळसोट रस्ता, दोन्हीकडे पवनचक्क्या आणि आडवा वारा. दुपारच्या जेवणानंतर तिथे डोळे जड होतात. म्हणून जेवण हलकं ठेवा. दावणगेरेत बेण्णे डोसा सकाळीच खाऊन घेतला तर उत्तम, दुपारी खाल तर हँडलवर झोपाल.

टोलनाक्यांबद्दल कोणी फारसं सांगत नाही. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, पण अगदी डाव्या कडेची जी अरुंद पट्टी आपल्याला सोडलेली असते तिथे वाळू, सांडलेलं ऑइल, फुटकी काच आणि मधेच उगवलेला स्पीडब्रेकर असं सगळं असतं. दोन काँक्रीटच्या ठोकळ्यांमधून जाताना लोखंडी पॅनियर (बाजूच्या सामानाच्या पेट्या) लावलेली गाडी घासते, एखादी अडकतेही. मागचा दाबून पुढे येत असतो, तो थेट आदळतो. देशावरून जाणार असाल तर मऊ सॅडलबॅग बऱ्या, आणि नाक्याच्या दोनशे मीटर आधी सगळ्यांनी एकामागे एक व्हायचं हे निघण्याआधीच ठरवून टाका.

बंगळूर शहरात शिरू नका. नेलमंगलानंतर नाइस रोड (शहराला वळसा घालणारा खासगी टोल रस्ता) धरून होसूर रोडला निघा. तिथे दुचाकीलाही टोल पडतो, तो सुखाने भरा. धर्मपुरी आणि सेलमच्या मधे थोप्पूरचा घाट आहे. दिसायला अगदी साधा उतार, पण ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकांमुळे तो बदनाम आहे. तिथे ट्रकच्या पुढे रेंगाळायचं नाही, ग्रुप फोटो तर नाहीच.

आता किनारा. महामार्ग ६६ पनवेलपासून कन्याकुमारीपर्यंत जातो, पण पुणेकरांनी पनवेलच्या वाटेला जाऊ नये. मुंबई-गोवा टप्प्याचं काम दशकाहून जास्त काळ रखडलंय. संकेश्वरला ४८ सोडून गडहिंग्लज, आजरा, आंबोली करत सावंतवाडीला उतरलं की ती कटकट टळते. गोव्यात टाकी फुल करा, महाराष्ट्रापेक्षा पेट्रोल स्वस्त असतं. कारवार ते मंगळूर हा सगळ्या प्रवासातला सर्वांत सुंदर तुकडा, याबद्दल माझं दुमत नाही. मरवंतेला रस्त्याच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी. पण याच पट्ट्यात २०२४च्या जुलैत अंकोल्याजवळ शिरूरला दरड कोसळून माणसं गेली आणि पुढच्याच महिन्यात कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल पडला. पावसाळ्यात या रस्त्याचा विचारही नको.

केरळात चित्र पालटतं. गाव संपतच नाही. एका गावाची शेवटची दुकानं ती पुढच्या गावाची पहिली. सहापदरीकरणामुळे मधेच चकाचक रस्ता, मधेच सर्व्हिस रोडच्या गल्लीत घुसवलेली सगळी वाहतूक. समोरून ओव्हरटेक करत येणारी बस आपली लेन रिकामी करून देईल या भरवशावर राहू नका. २०२३पासून नियम मोडणाऱ्यांना टिपणारे एआय कॅमेरे आहेत, मागे बसलेल्यालाही हेल्मेट लागतं. दहा-बारा गाड्यांचा ताफा इथे एकत्र ठेवणं जवळपास अशक्य. चार-पाचच्या तुकड्या करा, प्रत्येकीला वेगळं संध्याकाळचं ठिकाण द्या. दमट हवेत जाड जॅकेट नकोसं होतं, मग लोक ते काढून कॅरिअरला बांधतात. त्यापेक्षा जाळीचं जॅकेटच घ्या. चेनवर खारी हवा आणि बांधकामाची धूळ मिळून चिकट लेप बसतो, तेव्हा रोज मुक्कामी गाडी गरम असतानाच पुसून ल्यूब मारायचं. देशावर हे एका दिवसाआड चालतं.

महिना कुठला, यावर दोन्ही रस्त्यांचं उत्तर एकच. जून ते सप्टेंबर किनारा बाद, ऑक्टोबर ते डिसेंबर तामिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलेच्या भाविकांची गर्दी, लगेच पोंगल. २० जानेवारीनंतर निघालात तर दोन्हीकडे रस्ता बरा आणि खोल्याही मिळतात.

किनाऱ्याच्या बाजूने नेहमी एक भावनिक मुद्दा येतो: गावागावांतून जाऊ, लोकांना भेटू, पैसे जमतील. मला हे पटत नाही. भाषा येत नसलेल्या गावात चहाच्या दहा मिनिटांत कोणी देणगी देत नाही, आणि का द्यावी? बहुतेक पैसे निघायच्या आधी, तुमच्या ओळखीच्यांकडून, फोनवर येतात. वाटेतल्या मराठी माणसांचा आधार धरायचा तर निपाणी, बेळगाव, हुबळी-धारवाड आणि बंगळूर हे सगळं देशावरच आहे. बंगळूरला महाराष्ट्र मंडळही आहे, आधी पत्र लिहून शनिवार-रविवार गाठला तर चार लोक जमतील. उलट ज्या संस्थेसाठी निघालात तिचं कामच कारवारला किंवा केरळात असेल, तर किनाऱ्यानेच जा, तिथे थांबा, तो दिवस प्रवासातून वजा धरा.

पैशांचं मात्र रस्त्यापेक्षा कडक ठेवा. स्वतःच्या खात्यात किंवा यूपीआयवर देणग्या घेऊ नका. संस्थेच्या खात्याचा क्यूआर वापरा; देणगीवरच्या करसवलतीची (८०जी म्हणून ओळखली जाणारी) पावती संस्थाच देऊ शकते. दोन हजारांच्या वर रोख दिली तर करसवलत नाही आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही, हे देणाऱ्याला आधी सांगा. अमेरिकेतल्या मामाने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर त्याची देणगी विदेशी ठरते आणि संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असेल तरच चालते. भारतीय पासपोर्टवाल्या भावाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर ती विदेशी धरत नाहीत. पेट्रोल, लॉज, टायर आपल्या खिशातून. देणगीतून पंक्चरसुद्धा काढायचं नाही.

तर पहिल्यांदाच जाणाऱ्या, आठ-दहा जणांच्या, ठराविक रजा असलेल्या ग्रुपला मी डोळे झाकून देशावरचा रस्ता सांगेन. देणगीदारांना पोचायची तारीख सांगून बसलात की ती पाळता येणारा रस्ता तोच. चार-पाच अनुभवी लोक आणि दोन आठवडे हाताशी असतील तर जाताना देशावरून, येताना किनाऱ्याने. तारखेचं ओझं उतरलेलं असतं, मग मरवंतेला हवे तेवढे थांबा. आणि मित्राची मोठी गाडी उसनी नेणार असाल तर विम्याचं बघा. सक्तीचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच फक्त मालक-चालकाला असतं, तुम्हाला नाही. स्वतःची वेगळी अपघात पॉलिसी काढल्याशिवाय चावी घेऊ नका.