तारे बघून कॉलेज निवडताना: अकरा महिन्यांचा अनुभव

तारकर्लीला आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे, त्यामुळे रिव्ह्यू हा आमच्या पोटापाण्याचा विषय. जानेवारीत मुलगी बारावीला होती. तिच्या मैत्रिणीने सांगितलं म्हणून कॉलेजांची रेटिंग आणि विद्यार्थ्यांचे रिव्ह्यू दाखवणारं एक ॲप घेतलं, नंतर तसल्याच दोन साइटही बघू लागले. आता नोव्हेंबर उजाडलाय, दिवाळीची गर्दी ओसरलीय, मुलगी पुण्याजवळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला आहे. म्हटलं, आता लिहायला हरकत नाही.

ॲपचं नाव लिहीत नाही, कॉलेजांचंही नाही. एका ओळीने काय होतं ते मी भोगलंय. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आलेल्या एका कुटुंबाने 'सुरमई ताजी नव्हती' म्हणून दोन तारे दिले. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद असते, बर्फातली सुरमई आहे, चालेल का, हे मी ताट वाढायच्या आधी विचारलं होतं. त्यांनी हो म्हटलं, जेवले, आणि घरी जाऊन लिहिलं. ते दोन तारे अजून आमच्या पानावर आहेत.

हे आधी सांगितलं कारण कॉलेजचे रिव्ह्यू मी ह्याच नजरेने वाचले. पण सुरुवातीला नाही. सुरुवातीला मीही सगळ्यांसारखीच भुलले.

पहिले दोन महिने मी वहीत आकडे लिहीत होते. अमुक कॉलेज ४.२, तमुक ४.०, तिसरं ३.९. वरून खाली यादी लावली आणि पहिलं ते चांगलं, असं धरून चालले. एक दिवस नवरा मागून वाकून बघत म्हणाला, "मासो घेताना कल्ले उघडून बघतंस, आणि हयसर नुसते तारे मोजतंस?" राग आला, पण खरं होतं. आमच्या ओळीतले सगळे होमस्टे ४.३ ते ४.७ च्या मध्ये आहेत. त्यातला कुठला कसा आहे ते मला माहीत आहे, आणि आकड्यांचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. पोटभर जेवलेला पाहुणा ढेकर देऊन झोपतो. लिहायला बसतो तो चिडलेला, नाहीतर मालकाचा मेव्हणा.

मग वाचायची पद्धत बदलली. आधी तारे किती ते न बघता रिव्ह्यू किती आणि कधीचे ते बघायला लागले. सात जणांनी मिळून दिलेले ४.८ आणि साडेतीनशे जणांचे ४.१ ह्यांत मला दुसऱ्यावर जास्त भरवसा वाटतो. सातात दोन मेव्हणे असले तरी आकडा फिरतो. तारखा तर फारच बोलक्या. एका कॉलेजचे वर्षभरातले रिव्ह्यू मोजके, आणि नोव्हेंबरच्या दोन दिवसांत एकदम एकेचाळीस. सगळे पाच ताऱ्यांचे, सगळ्यांत 'फॅकल्टी सपोर्टिव्ह' आणि 'कॅम्पस ग्रीन'. आमच्या शेजारच्याने नवीन खोल्या बांधल्या तेव्हा मुंबईच्या सगळ्या भाचे कंपनीकडून असंच करून घेतलं होतं. भाषा इकडे इंग्रजी आणि तिकडे मोडकी इंग्रजी, एवढाच फरक.

ह्या साइटवरच्या काही जागी 'रिव्ह्यू लिहा, व्हाउचर मिळवा' असंही लिहिलेलं असतं. दोनशे-तीनशे शब्द भरायचे, ओळखपत्राचा फोटो टाकायचा, पैसे मिळतात. तो मुलगा शब्द भरण्यासाठीच लिहिणार. म्हणून कित्येक रिव्ह्यू वाचताना निबंध तपासल्यासारखं वाटतं: कॉलेजचा इतिहास, ग्रंथालय, क्रीडांगण, समारोप. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत, कसे तपासावेत ह्याचं २०२२ पासून भारतीय मानक आहे, आयएस १९००० नावाचं. पण ते ऐच्छिक आहे. म्हणजे गावात बांबूची काठी आडवी टाकली आणि बाजूने वाट मोकळी ठेवली तसं.

फोनचं मात्र माझं चुकलं. एका साइटवर मागच्या वर्षीचे कटऑफ, म्हणजे कुठे किती गुणांपर्यंत प्रवेश मिळाला ते, एकत्र मिळत होते, फक्त फोन नंबर टाकायचा. मी होमस्टेचा नंबर टाकला. दुसऱ्या दिवसापासून 'मॅम, ॲडमिशनसंदर्भात बोलत होतो' असे फोन सुरू. मे महिना, घरात माणसांचा राबता, आणि मी प्रत्येक फोन बुकिंगचा समजून उचलतेय. एकाला मी चक्क 'एसी रूम शिल्लक नाही, नॉन-एसी चालेल का' असं विचारलं, तर तो म्हणाला, 'मॅम, हॉस्टेलला एसीसुद्धा आहे.' हे फोन जुलै संपेपर्यंत थांबले नाहीत. तेच कटऑफ सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा आणि प्रवेश बघणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, नंबर न देता. फक्त पीडीएफ मोठ्या आणि कंटाळवाण्या.

मग उपयोगी काय पडलं? तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू. पाच तारेवाला विकत असतो, एक तारेवाला भांडत असतो, तीनवाला बसून आठवत असतो. मला सापडलेला सगळ्यात कामाचा रिव्ह्यू चार ओळींचा होता. लॅब पाचला बंद होते, प्रोजेक्टला जागा मिळत नाही. दुसऱ्या वर्षी गणिताचे सर मध्येच सोडून गेले, दोन महिने तास रिकामा. हॉस्टेलला मेमध्ये टँकर. कॅन्टीन बरं आहे. बस्स. त्यातल्या प्रत्येक ओळीवर फोन करून विचारता येतं, आणि मी विचारलंही. हॉस्टेलवाल्या बाईंनी टँकरचं लगेच कबूल केलं, उलट म्हणाल्या, 'तुम्ही पहिल्याच ज्यांनी हे विचारलं.' 'फॅकल्टी सपोर्टिव्ह' ह्यावर काय विचारणार?

पॅकेजवर, म्हणजे कॉलेजातून नोकरी लागलेल्यांच्या वर्षाच्या पगारावर, जरा जास्त लिहिते, कारण तिथे माणूस सगळ्यात जास्त फसतो. प्रत्येक कॉलेजच्या पानावर 'हायेस्ट पॅकेज' ठळक अक्षरात. रिव्ह्यू लिहिणारी मुलंही तोच आकडा उचलतात. हायेस्ट पॅकेज म्हणजे आमचा ३१ डिसेंबरचा दर. तो खरा असतो, पण त्यावर वर्षाचा हिशेब मांडत नाहीत. खरा आकडा दुसरीकडे आहे. केंद्राची एनआयआरएफ नावाची क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यात भाग घेणाऱ्या कॉलेजांना सरकारला दिलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. शोधून काढा, तळाशी कुठेतरी लिंक असते. त्यात किती मुलांना प्रवेश दिला, किती मुलं वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली, आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार किती, हे वर्षावर्षाने दिलेलं असतं. मध्यक म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या मुलाचा पगार. ज्या कॉलेजच्या जाहिरातीत चाळीस लाखांच्या वर पॅकेज झळकत होतं, त्याच्या ह्या कागदावर मध्यक चार लाखांच्या आसपास निघाला. शिवाय तो लागलेल्यांचा मध्यक. न लागलेले त्यात नाहीतच, ते वेगळे मोजावे लागतात. मुलीने कॅल्क्युलेटर घेतला, वेळेत पास झालेल्यांतले नोकरीला लागलेले आणि पुढे शिकायला गेलेले वजा केले, आणि उरलेल्या आकड्याकडे बघत राहिली. "आये, हे खय गेले?" म्हणाली. कुठल्याच रिव्ह्यूत ते नव्हते.

क्रमवारीचा नंबर मात्र मी डोळे झाकून घेत नाही. तिच्यात शिकवणं, संशोधन, निकाल, सर्वसमावेशकता असे भाग आहेत, आणि दहा टक्के गुण लोकांच्या मनातल्या प्रतिमेला आहेत. ती प्रतिमा प्राध्यापक आणि नोकरी देणारे ह्यांना विचारून ठरते. मेसच्या डाळीबद्दल तिथे कोणी विचारत नाही, आणि पहिल्या वर्षाला शिकवतं कोण हेही त्यात कळत नाही. नॅक ही कॉलेजांचा दर्जा तपासून श्रेणी देणारी संस्था. तिची श्रेणी साधारण पाच वर्षांसाठी असते, तेव्हा ए प्लस बघितलं की ते कुठल्या वर्षीचं हे बघावं. नॅकसाठी विद्यार्थ्यांचं समाधान सर्वेक्षणही होतं, आणि त्यातला पहिलाच प्रश्न मला फार आवडला: वर्गात अभ्यासक्रमाचा किती भाग शिकवून झाला? पर्याय टक्क्यांत. 'शिक्षक कसे आहेत' असं न विचारता असं विचारलं की उत्तर देणाऱ्याला आठवावं लागतं. काही कॉलेजं त्याचा गोषवारा संकेतस्थळावर टाकतात. ॲपवाल्यांनी हा एक प्रश्न उचलला तरी खूप झालं.

फीच्या रकान्यावर तर अजिबात जाऊ नका. ॲपवर कॉलेजची पूर्ण फी दिसते. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली आहे. प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. आमच्या वहीत दोन कॉलेजं फी बघून मी खोडली होती, ती ह्या एका गोष्टीमुळे परत आली. हॉस्टेल आणि मेस मात्र आपल्या खिशातून, ते धरूनच चाला.

आता कोकणचं. आपल्या भागातल्या संस्थांचे रिव्ह्यू शोधायला गेलं की ॲप गप्प होतं. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं, रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ चं. मुलीच्या मैत्रिणीला मत्स्य विज्ञानाला जायचं होतं, तर वाचायला दहा रिव्ह्यूही मिळाले नाहीत, आणि ॲप मात्र 'ह्याऐवजी हे बघा' म्हणून पुण्यातली खासगी कॉलेजं पुढे करत होतं. रिव्ह्यूंची संख्या कॉलेजच्या जाहिरात खात्याची ताकद सांगते, असं मला तेव्हापासून वाटतं. त्या मुलीने सरळ गावातल्या एका ट्रॉलरवाल्याच्या मुलाला गाठलं, जो तिथून शिकून आलाय. अर्ध्या तासात तिला जे कळलं ते ॲपवर सहा महिने शोधून कळलं नसतं. शिरगावलाच आहे ती आता.

आणि एक प्रश्न, जो आपल्याकडच्या प्रत्येक आईला पडतो आणि कुठल्याच साइटवर रकाना नाही: चतुर्थीला सुट्टी मिळते का? मी नऊशे रिव्ह्यूंमध्ये 'गणपती' शोधलं. ढोलताशा पथकं आणि कॉलेजच्या मंडपाचे फोटो निघाले. तिकडे गणपती म्हणजे कार्यक्रम. आपल्याकडे घरी यायचं असतं, आणि रेल्वेचं तिकीट दोन महिने आधी काढायचं असतं. शेवटी पुण्यात राहणाऱ्या कुडाळच्या एका मुलाकडून कळलं की युनिट टेस्ट बहुतेकदा त्याच सुमाराला येते. तसंच झालं. २७ ऑगस्टला गणपती आले, मुलगी २६ ला रात्री एसटीने घाट उतरून आली आणि गौरी यायच्या आधी परत गेली. माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची चौकट, बांधायला तिचा हात नव्हता, एवढंच.

मार्च ते जुलै आम्ही जे वाचलं त्यातलं किती खरं ठरलं, ते तीन महिन्यांनी विचारलं. लॅबचं खरं. पाचला कुलूप, अजूनही. टँकरचं अजून कळायचंय, मे यायचाय. गणिताला आता नवीन बाई आहेत आणि त्या चांगल्या शिकवतात, म्हणजे तो रिव्ह्यू शिळा झाला. 'सीनियर त्रास देतात' असं दोघांनी लिहिलेलं, तसं काही नाही. 'वायफाय सुपरफास्ट' असं तीसेक जणांनी लिहिलेलं, तसंही काही नाही. मी पहिल्यांदा केलेली ताऱ्यांची यादी वहीत आहेच. हे कॉलेज त्यात अकरावं होतं. कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये आम्ही ते दुसरं भरलं होतं, आणि पहिल्या फेरीत पहिलं लागलं तर जागा आपोआप पक्की होणार होती, म्हणून वर काय ठेवायचं ह्यावर घरात तीन रात्री वाद झाला. दुसऱ्या फेरीत हे मिळालं.

ऑक्टोबरमध्ये मात्र एक गंमत झाली. मुलीचा फोन आला, आवाज हळू. प्रॅक्टिकलच्या तासाला सगळ्यांना मोबाइल काढायला सांगितले, फळ्यावर लिंक लिहिली आणि पाच तारे द्या म्हणाले. मजकुराचा नमुनाही दिला. त्यात 'कॅम्पस ग्रीन' होतंच. "आये, दिलंय मी," म्हणाली. "बाई बाजूक उभी होती." मी काय बोलणार? पाच तारे दिल्याशिवाय चेकआउटची चहा नाही असं मी पाहुण्यांना कधी म्हटलं नाही, पण तोंड गोड करून मागितलेत मीही कितीदा.

रात्री तिने तिच्या दुसऱ्या ईमेलवरून खरा लिहिला. तीन तारे. लॅब पाचला बंद, गणिताच्या बाई उत्तम, मेसची आमटी पातळ, चतुर्थीला दोन दिवस. ओळखपत्राचा फोटो टाकला. 'पडताळणी सुरू आहे' असं आलं. काल विचारलं, पाच आठवडे झाले, अजून तेच लिहून येतं. फळ्यावरून लिहिलेले मात्र त्याच संध्याकाळी लागले होते.